कातडी शाबूत, कंडरा तुटलेली: बोटाच्या एका लपलेल्या दुखापतीचा इतिहास



वैद्यकाचा इतिहास म्हटला की आपण साथीचे रोग, लशी, पेनिसिलिन, हृदयाच्या शस्त्रक्रिया यांबद्दल बोलतो. आज एका बोटाबद्दल बोलायचं आहे. बोट वाकवणारी दोरी कातडीच्या आत, बाहेर कसलीही जखम न होता तुटते. ही गोष्ट डॉक्टरांना कधी उमगली, ती ओळखायची कशी हे कसं ठरलं आणि तुटलेली दोरी जोडायला ते कसे शिकले, त्याचा हा इतिहास. विषय छोटा वाटेल, पण ज्याचं पोट हातावर आहे त्याच्यासाठी तो छोटा नाही.

प्रसंग डोळ्यासमोर आणा. मैदानात झटापट चालली आहे. पळणाऱ्या गड्याला धरायला गेलेल्या खेळाडूच्या बोटात त्याच्या बनियनची कड अडकते. पुढचा हिसडा मारून निसटतो. बोट वाकवून घट्ट धरलेलं असतं आणि त्याच क्षणी ते जोरात सरळ ओढलं जातं. आत 'कट्' असं काहीतरी होतं. थोडं दुखतं, सूज येते. रक्त नाही, बोट वाकडं दिसत नाही. मुरगळलं असेल म्हणून कुणी बर्फ लावतं, कुणी तेल लावून चोळून घेतं. तीन-चार आठवड्यांनी सूज उतरते आणि मग लक्षात येतं, की मूठ वळली तरी एका बोटाचं टोक ताठच राहतंय. या दुखापतीला 'जर्सी फिंगर' असं नाव पडलं, ते खेळाडूच्या जर्सीवरूनच. पण हे लक्षात येईपर्यंत सोप्या शस्त्रक्रियेची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

ती वेळ का निघून जाते, हे समजण्यासाठी आधी बोटाच्या आत डोकावू.

नाडा आणि नेफा

बोटांमध्ये स्वतःचे मांसल स्नायू नसतात. बोटं वाकवणारे मोठे स्नायू असतात कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात. तिथून पांढऱ्या, चिवट, चकचकीत दोऱ्या निघतात, मनगट ओलांडून तळहातातून बोटांत जातात आणि हाडाला चिकटतात. या दोरीला म्हणायचं कंडरा. डॉक्टरांच्या भाषेत टेंडन. अंगठा सोडून बाकीच्या प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या अशा दोन कंडरा असतात. वरवरची कंडरा मधल्या पेराला चिकटते. खोलवरची तिच्यामधून वाट काढत पुढे जाते आणि थेट टोकाच्या पेराला चिकटते. अंगठ्याचं टोक वाकवायला एकच लांब कंडरा असते.

बोटात शिरल्यावर या दोऱ्या एका अरुंद खोळीतून सरकतात. पायजम्याच्या नेफ्यातून नाडा जातो ना, अगदी तसंच. खोळीला जागोजागी घट्ट कड्या असतात, म्हणून बोट वाकवताना दोरी हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जात नाही. आता नाड्याचं एक टोक सुटून नेफ्यात गेलं की काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तर नाड्याच्या दुसऱ्या टोकाला एक दणकट स्नायू बसलेला असतो आणि तो सतत ओढत असतो. हाडापासून सुटलेली कंडरा आत सरकते. कधी मधल्या पेराच्या सांध्यापर्यंत, कधी पार तळहातात.

आता तुमचा एक हात समोर धरा. अनामिकेचं मधलं पेर दुसऱ्या हाताच्या चिमटीत सरळ, घट्ट धरून ठेवा आणि फक्त टोकाचं पेर वाकवून बघा. वाकलं म्हणजे खोलवरची कंडरा शाबूत आहे. तुटलेली असेल तर टोक हलणारच नाही. या तपासणीला ना यंत्र लागतं ना पैसे. तरीही दुखापत निसटते, कारण मधलं पेर धरून न ठेवता नुसतं 'मूठ वळा' म्हटलं, तर वरवरची कंडरा मधला सांधा वाकवते आणि सुजलेल्या हाताची मूठ साधारण वळलेली दिसते. बघणारा फसतो.

नस, शीर आणि कंडरा

आपण मराठीत म्हणतो, 'नस आखडली', 'शीर चढली', 'नस तुटली'. यातली नस म्हणजे कधी रक्तवाहिनी असते, कधी संवेदना नेणारी मज्जातंतूची तार, कधी ही कंडरा. ही सरमिसळ फक्त आपलीच नाही. ग्रीक भाषेतला 'न्यूरॉन' हा शब्दही आधी कंडरा आणि मज्जातंतू दोन्हींसाठी वापरला जायचा.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिरा, स्नायू आणि कंडरा वेगवेगळ्या मोजल्या आहेत. शिरा ७००, स्नायू ९०० आणि कंडरा १६. त्यांपैकी हातांच्या चार. तिथला 'स्नायू' म्हणजे आजचा मांसल स्नायू नाही, तर बांधून ठेवणारे तंतू. हातापायांच्या कंडरांचा शेवट नखांशी होतो, असंही तिथे सांगितलं आहे. शरीररचनेची आजची मोजणी वेगळी आहे, पण बोट वाकवणारी खोलवरची कंडरा नखाखालच्या पेराच्याच हाडाला चिकटते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पश्चिमेकडे दुसऱ्या शतकातल्या गेलनचा शब्द शतकानुशतकं प्रमाण मानला गेला. तो तरुणपणी पर्गमम इथे ग्लॅडिएटर लढवय्यांचा वैद्य होता, म्हणजे कापलेले हात त्याने भरपूर पाहिले असणार. कंडरेला सुई टोचली तर झटके येतात, असा त्याच्या लिखाणाचा अर्थ लावला गेला आणि पुढच्या पिढ्यांनी कंडरा शिवणं टाळलं. अकराव्या शतकात इब्न सिनाने कंडरा शिवावी असं मत मांडलं, पण युरोपातली भीती लगेच गेली नाही. १७५२ मध्ये गॉटिंगेनच्या आल्ब्रेख्ट फॉन हालर या शास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की कंडरेला टोचलं, कापलं तरी प्राणी वेदना दाखवत नाही. नस वेगळी आणि कंडरा वेगळी, हे प्रयोगाने सिद्ध झालं आणि सुईची भीती हळूहळू ओसरू लागली.

पण हे सगळं उघड्या जखमेबद्दल होतं. तलवारीने, कोयत्याने, काचेने कातडी कापली की कंडरेची तुटलेली टोकं दिसतात. कातडी शाबूत असताना आत काय तुटलंय, हे कुणाला दिसणार?

निरोगी दोरी मधेच तुटत नाही

इथे एक महत्त्वाचा टप्पा येतो. १९३३ मध्ये पॉल मॅकमास्टर या अमेरिकन शल्यविशारदाने सशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने स्नायू, कंडरा आणि हाड ही साखळी जोर लावून ओढली आणि ती कुठे तुटते ते पाहिलं. स्नायू फाटला, स्नायू आणि कंडरा यांचा सांधा सुटला, किंवा कंडरा जिथे हाडाला चिकटते तिथून उखडली. निरोगी कंडरा मात्र मधेच तुटली नाही. तिचे जवळजवळ निम्मे तंतू आधी कापून ठेवले तरी ती टिकून राहिली.

या प्रयोगातून निदानाचा एक सरळ नियम मिळाला. जोराच्या हिसड्याने कंडरा गेली असेल तर ती बहुधा हाडापाशी उखडलेली असणार. आणि ती मनगटात किंवा तळहातात, मधेच तुटली असेल, तर ती आधीपासून आजारी किंवा झिजलेली असणार. म्हणजे तुटलेली कंडरा जोडण्याआधी ती का तुटली, हे शोधायला हवं.

१९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या जोसेफ बॉइज यांनी सहकाऱ्यांबरोबर हात आणि मनगटातल्या अशा तुटलेल्या कंडरांची मोठी मालिका प्रसिद्ध केली. एरवी एकेक रुग्णाच्या हकिकतीत विखुरलेली दुखापत त्यामुळे एकत्र बघता आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या शल्यविज्ञान नियतकालिकात टोकापासून उखडणाऱ्या खोलवरच्या कंडरेवर गुंटर यांचा लेख आला. मैदानावरची ही दुखापत आता पुस्तकात जागा मागू लागली.

दोर दगडावर घासतो

विहिरीच्या काठावर दोर घासून घासून दगडाला खाच पडते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शरीरात नेमकं उलट घडतं. हाडाच्या धारदार कडेवर कंडरा रोज थोडी थोडी घासते आणि एके दिवशी शर्टाचं बटण लावताना किंवा भांडं उचलताना अलगद तुटते. दुखतही नाही. माणूस म्हणतो, 'काहीच झालं नव्हतं हो, अचानक अंगठा वाकेना.'

१९४८ मध्ये लंडनच्या वॉन-जॅक्सन यांनी दोन रुग्णांची हकिकत लिहिली. त्यांच्या मनगटातल्या सांध्याच्या खरबरीत हाडावर घासून बोटं सरळ करणाऱ्या कंडरा तुटल्या होत्या. त्या हाताच्या मागच्या बाजूच्या कंडरा. मग १९६९ मध्ये स्वीडनचे लेनार्ट मॅनरफेल्ट आणि ओले नॉर्मन यांनी हीच गोष्ट तळहाताच्या बाजूला दाखवली. संधिवाताच्या रुग्णांमध्ये मनगटातल्या होडीच्या आकाराच्या हाडाला, म्हणजे स्कॅफॉइडला, टोकदार काटे येतात. मनगटाच्या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. काटा त्या बोगद्यात घुसतो आणि सगळ्यात जवळची कंडरा, म्हणजे अंगठ्याची, आधी कापली जाते. मग तर्जनीची पाळी. म्हणून आज संधिवाताच्या रुग्णाचा अंगठा टोकाशी वाकेनासा झाला, की शल्यविशारद केवळ अंगठ्यापुरतं बघत नाहीत. काटा तासून, खालचा भाग झाकून घेतला नाही तर पुढची दोरीही जाते.

१९७४ मध्ये क्रॉस्बी आणि लिन्शाइड यांनी आणखी एक कारण पुढे आणलं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला हॅमेट नावाचं आकड्यासारखं हाड असतं. ते कधीतरी मोडलेलं असतं, कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं, आणि त्याच्या खडबडीत टोकावर घासून कालांतराने बोटाची कंडरा तुटते. बॅट, रॅकेट, हातोडा यांची मूठ नेमकी याच हाडावर दाबते.

आपल्या देशात याला एक जुना शत्रू जोडावा लागतो, तो म्हणजे क्षय. कंडरेच्या खोळीत क्षयाचे जंतू शिरले की मनगटाच्या वर आणि खाली, तळहातात, फुगवटा येतो. एक दाबला की पाणी दुसऱ्यात सरकतं. आत तांदळाच्या दाण्यांसारखे कण सापडतात. दुखणं कमी असतं म्हणून माणूस दिवस काढतो आणि आत कंडरा पोखरली जाते. इथे नुसती शिलाई टिकत नाही. खोळ साफ करावी लागते आणि क्षयाची औषधं पूर्ण मुदतीची घ्यावी लागतात.

आणि एक कारण आपल्याच काळाचं. मनगटाचं हाड मोडलं की ते जागेवर बसवून तळहाताच्या बाजूने धातूची पट्टी स्क्रूने बसवायची पद्धत २००० नंतर जगभर रुळली. हजारो मनगटं त्यामुळे सरळ झाली. पण पट्टी फार पुढे, मनगटाच्या कडेशी बसली तर अंगठ्याची कंडरा तिच्यावर घासते आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी तुटते. २०११ मध्ये सूंग आणि सहकाऱ्यांनी पट्टी एक्स-रेमध्ये किती पुढे आलेली दिसते, त्यावरून धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या. हाड जुळल्यावरही अंगठा वाकवताना मनगटात करकर जाणवली किंवा दुखलं, तर ती इशाऱ्याची घंटा आहे. कंडरा तुटण्याआधी पट्टी काढता येते.

नस की कंडरा, हा प्रश्न पुन्हा

१९५२ मध्ये किलो आणि नेव्हिन या दोन डॉक्टरांनी एक वेगळाच आजार सांगितला. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक वाकत नाही, पण कंडरा शाबूत असते. बिघाड असतो तो कोपराखालच्या एका बारीक मज्जातंतूत. दिसायला दोन्ही रुग्ण सारखेच. दोघांनाही अंगठा आणि तर्जनीच्या टोकांचा गोल करता येत नाही. म्हणजे गेलनच्या काळापासूनचा नस आणि कंडरेचा गोंधळ, नव्या रूपात. चूक झाली तर चांगल्या कंडरेसाठी हात उघडला जाईल, किंवा तुटलेल्या कंडरेवर मज्जातंतूची औषधं चालू राहतील.

याची उकल साधी आहे. रुग्णाला हात सैल सोडायला सांगायचं आणि त्याचं मनगट मागे वाकवायचं. कंडरा शाबूत असेल तर ती ताणली जाते आणि बोटं, अंगठा आपोआप आत वळतात. तुटलेल्या कंडरेचं बोट मात्र तसंच ताठ राहतं. कोपराखालचा स्नायू दाबला तरी हाच फरक दिसतो. पुढे सोनोग्राफी आणि एमआरआय आले, तुटलेलं टोक नेमकं कुठे जाऊन बसलंय हे बघता येऊ लागलं. पण त्या तपासण्या कुणाच्या करायच्या, हे आजही हात बघूनच ठरतं.

किती दिवस झाले?

आता मैदानावरच्या त्या खेळाडूकडे वळू. टोकापासून उखडणाऱ्या कंडरांपैकी चारातल्या साधारण तीन अनामिकेच्या असतात. घट्ट पकड घेतली की अनामिकेचं टोक शेजारच्या बोटांपेक्षा थोडं पुढे येतं आणि हिसडा तिच्यावर बसतो. शिवाय तिची हाडाशी असलेली पकड मधल्या बोटापेक्षा कमी ताकदीची असल्याचं १९७८ मधल्या एका प्रयोगात दिसलं.

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या लेडी आणि पॅकर यांनी खेळाडूंमधल्या या दुखापतीचे तीन प्रकार पाडले. ही विभागणी आजही वापरली जाते, कारण ती शल्यविशारदाला हातात किती दिवस आहेत ते सांगते. पहिल्या प्रकारात कंडरा पार तळहातात मागे सरकते. तिला रक्त पोचवणारे बारीक पडदेही तुटतात. उपाशी कंडरा आखडते, सुजते, आणि रिकामी झालेली खोळ आकसून जाते. इथे सात ते दहा दिवसांत शस्त्रक्रिया व्हायला हवी. दुसऱ्या प्रकारात कंडरा मधल्या सांध्यापाशी अडकते, थोडा रक्तपुरवठा टिकतो, त्यामुळे काही आठवडे मिळू शकतात. तिसऱ्यात हाडाचा मोठा तुकडा घेऊनच कंडरा निघते. तो तुकडा खोळीच्या पुढच्या कडीत अडकतो आणि कंडरा फार मागे जात नाही. एक्स-रेमध्ये हाच प्रकार चटकन दिसतो. पुढे १९८१ मध्ये चौथा प्रकार सांगितला गेला: हाडही मोडतं आणि कंडरा त्या तुकड्यापासूनही सुटते.

यातली विसंगती लक्षात घ्या. ज्या प्रकारात एक्स-रे निर्दोष दिसतो, त्याच प्रकारात घाई सगळ्यात जास्त असते. 'फोटोत काही नाही, पंधरा दिवसांनी या', हे वाक्य नेमकं त्याच रुग्णाला महागात पडतं.

नो मॅन्स लँड

निदान झालं, पण जोडणार कसं? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नावर सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टर्लिंग बनेल यांचा शब्द चालत होता. १९४४ मध्ये हाताच्या शस्त्रक्रियेवर त्यांचं पुस्तक आलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या हातांसाठी अमेरिकन लष्कराने खास केंद्रं काढली, त्यांचे ते सल्लागार होते. १९४६ मध्ये अमेरिकेत हस्तशल्यविशारदांची संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच.

तळहाताच्या पुढच्या घडीपासून बोटाच्या मधल्या सांध्यापर्यंतच्या पट्ट्याला बनेल यांनी 'नो मॅन्स लँड' म्हटलं. दोन खंदकांच्या मधली, कुणी पाय ठेवू नये अशी जमीन. तिथे दोन कंडरा एकाच अरुंद नेफ्यात असतात. शिवलेल्या जागी गाठ होते, गाठ खोळीला चिकटते आणि बोट हलतच नाही. म्हणून बनेल सांगत: तिथे ताजी कंडरा शिवू नका. जखम भरू द्या, नंतर दुसरीकडून कंडरेचा तुकडा काढून नवी दोरी टाका. सूक्ष्म सुया-धागे आणि प्रतिजैविकं पुरेशी नव्हती, त्या काळात हा सल्ला शहाणपणाचा होता.

१९६० मध्ये स्वित्झर्लंडच्या क्लॉड व्हेर्दान यांनी आणि १९६७ मध्ये लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी या वर्जित जमिनीवर ताज्या कंडरा शिवून चांगले निकाल दाखवले. सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसला नाही. क्लाइनर्ट यांची युक्ती टाक्यांइतकीच टाक्यानंतरच्या दिवसांत होती. हाताच्या मागच्या बाजूला आधार बांधून त्यांनी नखाला रबरबँड लावला. रुग्ण स्वतः बोट सरळ करतो, रबर ते परत वाकवतो. कंडरेवर जोर येत नाही, पण ती खोळीत सरकत राहते आणि चिकटत नाही. कंडरेत स्वतःहून भरून येण्याची ताकदच नाही, असं साठच्या दशकात मानलं जायचं. ती ताकद असते, हे सत्तरच्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवलं. त्यानंतर टाके मजबूत होत गेले आणि बोट लवकर हलवायला लावण्याकडे कल वाढला. चीनमधल्या नान्तोंगच्या जिन बो तांग यांनी अडथळा करणारी कडी थोडी मोकळी करून, जास्त धाग्यांचा टाका घालून हा प्रवास आणखी पुढे नेला.

आत सुटलेली दोरी परत कशी बसवतात

हे सगळं ज्ञान बंद दुखापतीच्याही कामी आलं. लवकर आलेल्या रुग्णात शल्यविशारद आत सरकलेलं टोक शोधतात. नेफ्यात गेलेला नाडा पिन लावून ओढावा, तशी एक पातळ रबरी नळी खोळीतून सरकवून तिला कंडरेचं टोक बांधतात आणि पुढे आणतात. मग ते हाडाला बांधतात. बनेल यांच्या पद्धतीत धागा हाडातून आरपार नेऊन नखावर एका बटणाला बांधत, आणि कंडरा चिकटल्यावर काढून टाकत. आता हाडात रुतणारे छोटे अँकरही वापरतात. हाडाचा मोठा तुकडा असेल तर तो तार किंवा स्क्रूने बसवतात.

ओढून आणताना मोह होतो तो कंडरा थोडी जास्त ताणून बांधण्याचा. त्याची किंमत शेजारची बोटं मोजतात. खोलवरच्या कंडरांचा स्नायू मधलं बोट, अनामिका आणि करंगळीला बराचसा सामाईक असतो. एकीचा लगाम आखूड झाला की बाकीची बोटंही पूर्ण वळत नाहीत. व्हेर्दान यांनी याला चार घोड्यांच्या रोमन रथाचं, 'क्वाड्रिगा'चं नाव दिलं. चारही लगाम एका मुठीत असले, तर एक अडकल्यावर रथ अडतो.

उशीर झालेला रुग्ण असेल तर मार्ग बदलतात. मनगटात झिजून तुटलेल्या कंडरेची टोकं कुसकरलेली असतात, ती नुसती शिवता येत नाहीत. तिथे मनगटातली पामॅरिस नावाची बारीक कंडरा तुकडा म्हणून वापरतात. काही जणांच्या हातात ती जन्मतःच नसते. किंवा अनामिकेची वरवरची कंडरा उसनी घेऊन अंगठ्याला जोडतात. खोळच आकसली असेल तर काम दोन टप्प्यांत होतं. १९७१ मध्ये जेम्स हंटर यांनी मांडलेल्या पद्धतीत आधी सिलिकॉनची कांडी घालतात. शरीर तिच्याभोवती नवी, गुळगुळीत खोळ तयार करतं. काही महिन्यांनी कांडी काढून तिथे खरी कंडरा बसवतात. आणि काहींसाठी सगळ्यात शहाणा सल्ला असतो तो टोकाचा सांधा कायमचा स्थिर करण्याचा, किंवा काहीच न करण्याचा. वरवरची कंडरा छान चालत असेल आणि कामाला अडत नसेल, तर मोठी शस्त्रक्रिया करून आहे ती हालचालही गमावण्यात अर्थ नसतो. हे रुग्णाचं काम विचारूनच ठरतं. तबलावादकाचं बोट, शिंप्याचं बोट आणि पहारेकऱ्याचं बोट यांच्या गरजा एकसारख्या नसतात.

अलीकडे कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांनी रुग्णाला जागं ठेवून अशा शस्त्रक्रिया करण्याची पद्धत लोकप्रिय केली. फक्त हात बधिर केला जातो. टाका घातल्यावर डॉक्टर म्हणतात, 'वाकवा बघू बोट', आणि टाका सुटतो का, ताण बरोबर आहे का, हे तिथल्या तिथे दिसतं.

वेल्लोरचा धडा

भारताचं नाव या इतिहासात आलं ते वेल्लोरमुळे. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्या हातांत कंडरा शाबूत होत्या, मज्जातंतू मेलेले होते. आपल्या आजच्या विषयाच्या नेमकं उलट. पण उपायाचं सूत्र एकच: जिथे ताकद शिल्लक आहे त्या स्नायूची कंडरा उसनी घ्यायची, योग्य ताणावर बांधायची आणि मग मेंदूला, हाताला नवं काम शिकवायचं. ब्रँड यांच्या कामातून व्यायामोपचार हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे, हे इथे रुजलं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या पुनर्रचना-शस्त्रक्रियांचं काम उभं केलं. चेन्नईच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. आर. वेंकटस्वामी यांनी हाताच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग घडवला. म्हणजे असा हात घेऊन कुठे जायचं, याची उत्तरं आपल्या देशात आहेत. अडचण असते ती तिथे वेळेत पोचण्याची.

आणि पोचल्यावरही घाई संपत नाही, फक्त तिचा प्रकार बदलतो. साधारण सहा आठवडे हात आधारात ठेवून, थेरपिस्ट सांगेल तेवढंच बोट हलवायचं असतं. जड कामाला साधारण तीन महिने थांबावं लागतं. बरं वाटतंय म्हणून मधेच बादली उचलली आणि टाका सुटला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रोजंदारीवरच्या माणसाला हे तीन महिने परवडावेत कसे, हा प्रश्न शल्यविशारदाच्या सुईने सुटत नाही. घरच्यांना, मुकादमाला, मालकाला हे आधी समजावून सांगावं लागतं.

या दोन हजार वर्षांच्या गोष्टीत कंडरा शिवायची हिंमत यायला वेळ लागला. पण त्याहून जास्त वेळ लागला तो कातडी शाबूत असतानाही आत काही तुटलं असेल, असा संशय घ्यायला. तो संशय घेणं आपल्यापैकी कुणालाही जमण्यासारखं आहे. खेळाच्या शिक्षकांना, आखाड्यातल्या वस्तादांना, कारखान्यातल्या प्रथमोपचार पेटीच्या राखणदाराला एवढं ठाऊक असलं तरी पुरे: बोटाला हिसडा बसला, तर चोळण्याआधी मधलं पेर धरा आणि टोक वाकवायला सांगा. वाकलं नाही तर त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा आणि हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे पाठवा, एक्स-रे चांगला आला तरीही.

पुढच्या भागात भेटू. तोवर हा भाग तुमच्या गावातल्या एखाद्या खेळाडूपर्यंत नक्की पोचवा.